स्वाती देगलूरकरची एकेरी

त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. हैदराबादच्या हिमायतनगरात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही पहाटे साडेपाच ते साडेसहा, आणि तेवढ्या तासाभरात पिंपं, घागरी, अगदी कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवावे लागायचे. मी न्हाणीत पाइप धरून उभी होते. आमचे हे दूध तापत ठेवून त्याच्याकडं पाठ करून पेपर वाचत बसले होते. पेपरात रोजच्यासारखं नवं आर्थिक धोरण होतं. "परदेशी कंपन्या येणार म्हणे," ते म्हणाले. मी म्हटलं, "येऊ देत. आधी दूध उतू जातंय ते बघा." तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमच्या दाराला घंटी आहे. ती असताना कुणी हातानं दार वाजवलं की काहीतरी बिनसलंय हे मी ओळखते. पाइप पिंपात तसाच सोडून मी दार उघडलं, तर पद्मजा.

पद्मजा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्वातीची बॅडमिंटनमधली जोडीदार. रोज पहाटे पावणेसहाला ती लूना घेऊन खाली यायची, दोनदा हॉर्न वाजवायची आणि वरून स्वाती जिना धडधडत उतरायची. दहा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. ती वर यायची ती फक्त परतताना, माझ्याकडं उपीट खायला. आज तिच्या खांद्याला रॅकेटची पिशवी नव्हती. पायात घरातल्या रबरी चपला होत्या आणि हातात खाकी पाकीट.

"आंटी, आप बोलो स्वाती को," ती म्हणाली. "मेरे से नहीं होता."

मी तिला आत घेतलं. पाकिटातला कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. सिकंदराबादेतल्या एका सरकारी कंपनीचं पत्र. नाव लिहीत नाही, कंपनी आता त्या रूपात उरलेलीही नाही. त्या कंपनीनं आदल्या वर्षी जाहिरात दिली होती: खेळाडूंच्या कोट्यातून महिला बॅडमिंटनसाठी दोन जागा. दोघींनी अर्ज केले होते आणि मनातल्या मनात त्या जागांवर बसल्याही होत्या, कारण दुहेरीत आमच्या राज्यात या दोघींच्या वर कुणी नव्हतं. आता पत्र म्हणत होतं की वरून भरती कमी करण्याचा हुकूम आला आहे. दोनऐवजी एकच जागा मंजूर झाली आहे. दोघींची दहा वर्षांतली सगळी प्रमाणपत्रं सारख्याच स्पर्धांची आणि सारख्याच क्रमांकाची असल्यामुळं गुणवत्तेत फरक करता येत नाही. सबब दोघींमध्ये एकेरीचा एक सामना घेऊन निवड केली जाईल. शनिवारी सकाळी दहा वाजता, कंपनीच्या क्लबच्या हॉलमध्ये.

त्या दिवशी मंगळवार होता.

"तिलाही आलं असेल ना पत्र?" मी विचारलं.

"आज आएगा डाक से. मेरेकू कल शाम को आया." ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. "रातभर सोची आंटी. दोनों नक्को बोले तो वो लोग तीसरी को लेते. फिर दोनों का गया."

न्हाणीत पिंप भरून पाणी वाहायला लागलं होतं. यांनी उठून नळ बंद केला, हे विशेष.

स्वातीची गोष्ट इथं थोडी मागून सांगायला हवी. देगलूरकर मूळचे मराठवाड्यातले, पण तीन पिढ्या हैदराबादेत. वडील दिगंबरराव हायकोर्टात अनुवादक होते. उर्दूतले जुने दस्तऐवज इंग्रजीत करायचे. स्वाती चौदाची असताना तिची आई गेली. पोरीला संध्याकाळी घरात एकटं ठेवायचं नाही म्हणून दिगंबरराव तिला फतेह मैदानावरच्या इनडोअर हॉलमध्ये सोडू लागले. खेळाडू करायचं वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतं. तिथं सावली होती, चार लोकांची नजर होती, आणि सहाला कोर्टातून परतताना तिला घेऊन येता येत होतं.

पोर बुटकी, पाच फूटही नाही. तिथल्या कोचनं दोन वर्षं बघितलं आणि सांगितलं, एकेरीत हिचा हात पुरणार नाही. पण नेटजवळ हिच्यासारखी मुलगी माझ्याकडं दुसरी नाही. मग त्यांनी तिच्या मागं उभी केली पद्मजा. आझमाबादच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्याची मुलगी, उंच, खांद्यात ताकद. स्वाती पुढं, पद्मजा मागं. त्या दिवसापासून दोघी एकाच कोर्टाचे दोन अर्धे झाल्या.

मला खेळातलं तेव्हा काही कळत नव्हतं. मी जायची ती डबा घेऊन. पण बघून बघून माणसाला कळायला लागतं. पुढं उभ्या असलेल्या स्वातीला मागची रेघ दिसत नाही. शटल डोक्यावरून गेलं की ते आत पडणार की बाहेर, हे पद्मजा ठरवायची. बाहेर जात असेल तर ती ओरडायची, "छोड!" आणि स्वाती उचललेली रॅकेटसुद्धा खाली घ्यायची. नेटजवळचं स्वातीला घ्यायचं असलं की ती म्हणायची, "मेरा." या दोन शब्दांवर त्या दहा वर्षं खेळल्या. स्वातीनं मागं वळून बघितलेलं मी कधी पाहिलं नाही.

राज्याचं दुहेरीचं विजेतेपद त्यांनी चार वेळा घेतलं. राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा उपउपांत्य फेरी, एकदा उपांत्य. त्यातून काय मिळालं म्हणाल तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म आणि पेल्यांचा एक कप्पा. आरक्षण न मिळालेल्या डब्यात दोघी आळीपाळीनं झोपायच्या, एकीचं डोकं दुसरीच्या मांडीवर. शटलची एक नळी तीन दिवस पुरवायची म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या चहाच्या किटलीवर शटलं वाफवायच्या. पिसांना वाफ दिली की ती लवकर तुटत नाहीत. त्या संध्याकाळी आमच्या चहाला पिसांचा वास यायचा आणि हे न बोलता प्यायचे. वर्तमानपत्रात एकेरीच्या मुलीचा फोटो आणि खाली एका ओळीत या दोघींची नावं. एकदा तर नुसतं 'स्वाती व तिची जोडीदार' असं छापलं. पद्मजा महिनाभर फोनवर "मैं जोडीदार बोल रही" असं म्हणायची.

पूर्वी या मुलींना बँका, विमा कंपनी, रेल्वे घ्यायची. ब्याण्णवपासून जिकडं जावं तिकडं भरती बंद. ज्या नव्या कंपन्या येत होत्या त्यांना जाहिरातीत एक चेहरा हवा असायचा, दोन नाही. पद्मजाच्या वडिलांच्या कारखान्यानं लोकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली होती. स्वेच्छा कुणाची ते विचारू नये. तिच्या पाठची दोन भावंडं शिकत होती. आणि स्वातीला मार्चमध्ये सत्ताविसावं संपणार होतं. खेळाडूंच्या जागेला सत्तावीसची मर्यादा. म्हणजे हा शनिवार गेला की तिच्यापुरता तो दरवाजा बंद.

मी पत्र घेऊन वर गेले. स्वाती केस बांधत होती. हॉर्न का वाजला नाही म्हणून खिडकीतून खाली बघत होती. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्यानं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं आणि एवढंच विचारलं, "हॉलमध्ये लाकडी जमीन आहे की फरशी?"

दिगंबररावांनी चष्मा लावून वाचलं आणि ते संतापले. "हा न्याय आहे का? दुहेरीच्या खेळाडूंची परीक्षा एकेरीत? उद्या अनुवादकाला पोहायला लावतील. मी अर्ज लिहितो."

"बाबा, तुमच्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत मी सत्तावीसची होईन," स्वाती म्हणाली. "पद्मजा कुठाय?"

ती जिन्यात होती. माझ्या मागोमाग अर्ध्यापर्यंत आली होती आणि तिथंच थांबली होती. स्वाती चार पायऱ्या उतरली.

"मेरे पास कायकू नहीं आई तू?"

"डर लगा."

"कायका डर?"

पद्मजा कठड्यावरून बोट फिरवत राहिली. "तू बोलती, पद्दू तू ले ले. फिर मैं ले लेती."

मला वाटलं आता स्वाती रडेल. ती म्हणाली, "मैं नहीं बोलती."

"हौ," पद्मजा म्हणाली. "अच्छा है."

आणि लूना सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. एकेरीचा सराव करायचा तर समोर कुणीतरी हवं, आणि दोघींना समोर उभी करायला एकच मुलगी माहीत होती, ती म्हणजे दुसरी. त्यांनी न बोलताच वेळा वाटून घेतल्या. पद्मजा पहाटे पाचला हॉलवर येऊन जायची, स्वाती सातला. स्वातीबरोबर मी जायची. मी पदर खोचून नेटच्या पलीकडं उभी राहायची आणि हातानं एकामागोमाग शटलं फेकायची. हॉलचा रखवालदार अंबाजी झाडू टेकवून बघत बसायचा. "अक्का, तुम्ही पण कोट्यात आहात काय?" असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर शटलं गोळा करू लागला.

स्वाती पुढं जशी विजेसारखी, तशी मागं जाताना अडखळायची. मी उंच फेकलं की ती दोन पावलं मागं जायची आणि थांबायची. कुणी दोरी बांधल्यासारखी त्याच जागी थांबायची. तिथून मागं पद्मजाची हद्द सुरू व्हायची. शटल तिच्या मागं टप्पकन पडायचं.

"अगं, जा ना मागं," मी म्हणायची.

"जातेय, काकू. पाय जात नाहीत."

शुक्रवारी तिनं त्या जागी खडूनं रेघ मारली आणि माझ्याकडून शंभर शटलं त्या रेघेच्या पलीकडं फेकून घेतली. पन्नासनंतर ती जायला लागली. घामानं तिचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. परतताना रिक्षात मी म्हटलं, "पद्मजाला मागचं सगळं येतं, पुढचं नाही. तू तिला पुढं बोलव." ती माझ्याकडं बघत राहिली. "तिचा उजवा गुडघा," ती म्हणाली, "नेटकडं वाकताना दुखतो. मला माहितेय." आणि मग सिमेंटच्या पोत्यांनी भरलेली एक लॉरी पुढं अडकली होती तिच्याकडं बघत बसली. मला त्या वेळी तिची भीती वाटली, खरं सांगते.

शनिवारी दिगंबरराव आले नाहीत. मी आणि स्वाती रिक्षानं सिकंदराबादला गेलो. कंपनीचा क्लब जुना, लाकडी जमिनीचा. भिंतीवर माजी चेअरमनांचे फोटो आणि खाली बाकांवर सुटीच्या दिवशी करमणूक म्हणून आलेले वीसपंचवीस कारकून. पलीकडच्या बाकावर पद्मजाचे वडील डबा मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

कंपनीचे क्रीडा अधिकारी प्रतापराव आपल्यातलेच, परभणीकडचे. साठीला आलेले, हातात पुठ्ठ्याला लावलेला गुणांचा कागद. त्यांनी दोघींना बोलावून आधीच सांगितलं, "जिची निवड होईल तिनं सोमवारी रुजू व्हायचं. कंपनीकडं एक मुलगी आधीपासून आहे, दुहेरी तिच्याबरोबर खेळायची. कंपनीचा शर्ट, कंपनीची जोडी. बाहेरच्या कुणाबरोबर नाही. कबूल?"

दोघींनी मान हलवली. एकमेकींकडं बघितलं नाही. प्रतापराव उंच खुर्चीवर चढून बसले. रेघा बघायला दोन कारकून.

पहिला गेम म्हणजे दैना होती. दुहेरीचं कोर्ट रुंद असतं, एकेरीचं दोन्ही बाजूंनी हातभर कमी. या दोघींच्या अंगात रुंद कोर्ट. जे शटल बाहेर पडणार ते धावून जाऊन परतवत होत्या आणि आपणच आपल्याला दमवत होत्या. एकदा नेटवर शटल आलं आणि एकटीच उभी असलेली स्वाती ओरडली, "मेरा!"

बाकावरचा एकजण म्हणाला, "और किसका अम्मा?" सगळा हॉल हसला. पद्मजाही हसली असती, पण तिनं ओठ आवळून घेतले.

तो गेम पद्मजानं घेतला, अकरा-सहा. तेव्हा मुलींचा एकेरीचा गेम अकराचा असायचा आणि गुण फक्त सर्व्हिस करणारीलाच मिळायचा. स्वाती पाणी प्यायला आली. ती म्हणाली, "पुढं बोलावते आता."

दुसऱ्या गेममध्ये तिनं ते केलं. नेटलगत शटल अलगद टाकायचं, पद्मजाला लांबून वाकत आणायचं, मग डोक्यावरून मागं. परत पुढं. परत मागं. पद्मजाचा गुडघा दुखतोय हे माझ्यासारखीलाही दिसायला लागलं. ती उठताना रॅकेट जमिनीला टेकवायची. तिचे वडील डब्याचं झाकण उघडत होते, लावत होते. स्वातीचा चेहरा मी दहा वर्षं बघितला होता, असा कधी नव्हता. भाजी चिरताना असतो तसा, काहीच नसलेला. अकरा-सात, स्वाती.

तिसऱ्या गेमला कारकून हसायचे थांबले होते. एकेका गुणाला पाच पाच मिनिटं लागत होती. सर्व्हिस इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि गुण कुणालाच नाही. चार-चार. सहा-सहा. आठ-आठ. पद्मजा आता लंगडतच होती, पण खांदा शाबूत होता. तिनं दोन स्मॅश असे मारले की स्वातीला रॅकेट हलवायलाही वेळ मिळाला नाही. दहा-आठ. सर्व्हिस पद्मजाकडंच. एक गुण आणि संपलं.

मी बाकाची कड धरली होती. मला एवढं कळत होतं की पद्मजाच्या पायात आता जीव नाही. एकदा का सर्व्हिस इकडं आली की पुढचे तीन गुण ती पळू शकणार नाही. स्वातीला फक्त हा एक डाव काढायचा होता.

पद्मजानं सर्व्हिस उंच केली. स्वातीनं नेटजवळ सोडलं. पद्मजा कशीबशी पोचली आणि तिनं खालून जोरानं शटल वर उडवलं. ते स्वातीच्या डोक्यावरून मागं निघालं. स्वाती मागं गेली. सरावात खडूची रेघ मारली होती तेवढी मागं गेली, त्याच्याही पलीकडं गेली, रॅकेट वर घेतली. माझ्या मनात आलं, गेली, पोचली पोरगी.

"छोड!"

आवाज पद्मजाचा. नेटच्या पलीकडून.

स्वातीची रॅकेट खाली आली.

शटल तिच्या खांद्यामागून उतरलं आणि मागच्या रेघेवर पडलं. अगदी रेघेवर, पिसं रेघेच्या आत. कारकुनानं वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि हात खाली दाखवला. आत.

पद्मजानं तोंडावर हात धरला होता. स्वाती शटलाकडं बघत उभी होती.

"थांबा," प्रतापराव म्हणाले. "मी अजून गुण दिलेला नाही." ते खुर्चीवरून सावकाश उतरले आणि दोघींना नेटपाशी बोलावलं. मीही उठून पुढं गेले, मला कुणी अडवलं नाही. "काय ओरडलीस तू?"

"मुँह से निकल गया सर," पद्मजा म्हणाली. "मेरेकू लगा बाहर जा रहा."

"बाहेर जातंय असं वाटलं तर गप्प बसायचं. आपलं शटल बाहेर चाललंय हे समोरच्याला ओरडून कोण सांगतं?"

दहा वर्षं तेच तर तिचं काम होतं, पण हे त्या पुठ्ठ्यावरच्या कागदाला कसं सांगायचं. आणि खरं लिहायचं तर माझ्याही मनात तेच आलं, जे प्रतापरावांच्या आलं. घरी दोन भावंडं, बापाचं काम गेलेलं, गुडघा संपलेला. तो एक शब्द स्वाती डोळे मिटून ऐकते, हे जगात एकीलाच माहीत.

प्रतापराव स्वातीकडं वळले. त्यांनी आवाज खाली आणला. "नियम असाय की समोरच्याचं लक्ष मुद्दाम विचलित केलं तर फॉल्ट. मुद्दाम नसेल तर गुण धरला जातो. मला हिच्या पोटातलं कळत नाही. तुम्ही दहा वर्षं हिच्याबरोबर खेळलात. तुम्ही सांगा. मुद्दाम म्हणालात तर सर्व्हिस तुमच्याकडं, सामना पुढं चालेल. नाही म्हणालात तर सामना संपला. मी तुमचा शब्द धरतो."

पद्मजा स्वातीकडं बघत होती, चार दिवसांत पहिल्यांदा सरळ बघत होती. स्वाती तिच्याकडं बघत नव्हती. पलीकडच्या बाकावर पद्मजाचे वडील उभे राहिले होते. त्यांना इथलं बोलणं ऐकू जात नव्हतं, पण काहीतरी अडलंय एवढं दिसत होतं.

मी मनात म्हणत होते, म्हण. मुद्दाम म्हण. एक शब्द, आणि तू सोमवारी कामावर जाशील. मी हे लपवणार नाही. तिच्या आईच्या जागी उभी राहून मी तेच म्हणत होते.

"देगलूरकर?" प्रतापराव म्हणाले.

"मुद्दाम नाही," स्वाती म्हणाली. "तिची सवय आहे."

"नक्की?"

"लिहा सर."

त्यांनी लिहिलं. अकरा-आठ. पद्मजाला सही करायला सांगितलं, मग स्वातीला. पद्मजाची सही रकान्याबाहेर गेली. तिला काहीतरी बोलायचं होतं. "स्वाती," ती म्हणाली, "सुन ना." स्वाती कागदावर सही करून वळली आणि माझ्या बाकापाशी येऊन बुटांच्या नाड्या सोडायला बसली. पद्मजा तिथंच राहिली. मग तिचे वडील आले आणि तिचा खांदा धरून तिला बाकाकडं घेऊन गेले.

नाडीला गाठ बसली होती. स्वातीची बोटं ती सोडवत होती, सुटत नव्हती. मी खाली बसून सोडवायला लागले.

"खरंच मुद्दाम नव्हतं?" मी हळूच विचारलं.

"माहीत नाही, काकू."

"मग तसं सांगायचं होतंस. माहीत नाही म्हणायचं."

"त्यांना हो किंवा नाही हवं होतं." ती म्हणाली. "मी मागं बघितलं असतं तर मला दिसलं असतं कुठं पडतंय ते. माझ्या अंगणात पडत होतं. मी का ऐकलं तिचं? ती कशासाठी का ओरडेना, ऐकणारी मी."

"सवय," मी म्हटलं.

"हां. मग तिचीही असू शकते ना."

गाठ सुटली. तिनं बूट काढले, पिशवीत ठेवले, मोजे झटकले. मला वाटलं आता आम्ही निघू. हॉल रिकामा होत आला होता, कारकून जेवायला चालले होते. प्रतापराव टेबलावर कागद एकत्र करत होते. स्वाती अनवाणीच उठली आणि त्यांच्याकडं गेली. पद्मजा आणि तिचे वडील तिथून दहा पावलांवर होते. ती त्यांच्या बाजूला वळली नाही.

"सर, एक विनंती आहे."

प्रतापरावांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा धास्ती होती, आता ही शब्द फिरवते की काय अशी. "निकाल लागलेला आहे हां," ते म्हणाले. "दुसरी जागा माझ्या हातात नाही. असती तर दोघींना घेतलं असतं."

"जागेचं नाही सर."

"मग बोला."

"बुधवारपासून निजामाबादला राज्य स्पर्धा आहे. आमच्या जोडीचा अर्ज महिन्यापूर्वी, तुमच्या अटीच्या आधीच गेलाय. पद्मजाला चार दिवसांची रजा द्या."